बोटाला आधी कळलं

आरशात काहीच दिसत नव्हतं. तोंड धुताना कपाळाच्या वरच्या भागात, म्हणजे जिथे एके काळी केस होते आणि आता नुसतं मैदान आहे तिथे, बोट अडखळलं. साखरेचा एखादा दाणा चिकटून राहावा तेवढंच काहीतरी. नखाने खरवडलं, निघालं. चार-पाच दिवसांनी परत हजर. परत खरवडलं, या वेळी रक्ताचा ठिपका आला, तरी परत हजर. हा खेळ मी किती दिवस खेळलो असेन? दीड वर्ष. लिहितानाही लाज वाटते.

त्या दीड वर्षात मी त्याला बरीच नावं दिली. आधी कोंडा, मग कोरडी त्वचा, मग दाढी करताना काहीतरी लागलं असेल (कपाळावर दाढी कोण करतं, पण माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की काहीही चालतं), मग वय. वय हे तर फार सोयीचं उत्तर आहे, पन्नाशीनंतर कुठल्याही तक्रारीला ते लागू पडतं. मधे एका ओळखीच्याने त्याच्याकडची उरलेली ट्यूब दिली, ‘लाव, सगळं जातं याने’. लालसरपणा खरंच गेला. खरखर तिथेच. नंतर कळलं की त्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे मी आठवडाभर नुसता रंग दाबून ठेवला होता.

मी साइटवरचा माणूस. तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर उभा राहिलो. हेल्मेट कंपल्सरी व्हायच्या आधीची बरीच वर्षं त्यात आहेत, आणि कंपल्सरी झाल्यावरही ते डोक्यावर कमी आणि काखेत जास्त असायचं. त्यात मी घारा आणि गोरापान. लहानपणी याचं कोण कौतुक! उन्हातून आलो की लालबुंद व्हायचो, तेही सगळ्यांना गोड वाटायचं. तो लालबुंद रंग म्हणजे भाजणं आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. मेलॅनिन म्हणजे त्वचेने स्वतःसाठी उघडलेली छत्री, माझी छत्री जन्मापासूनच पातळ कापडाची होती आणि आम्ही सगळे त्या पातळपणाचंच कौतुक करत बसलो. सावळ्या माणसांना हा त्रास खूप कमी होतो. आता साइटवरच्या सहकाऱ्यांना हे सांगतो तेव्हा ते मनापासून हसतात आणि मला ते हसणं आवडतं.

स्किनच्या डॉक्टरकडे गेलो ते शेवटी बायकोने नंबर लावला म्हणून. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या पुतणीएवढी. मी डाग दाखवायला वाकलो तर तिने आधी बघितलंच नाही. डोळे दुसरीकडे, आणि बोटाचं टोक हलकेच माझ्या डोक्यावरून फिरवत गेली, सुतार रंधा मारून झाल्यावर फळीवरून हात फिरवतो ना, तसं. “इथे एक. इथे पण आहे. हा बघा कानावर.” मी एक दाखवायला गेलो होतो, तिने सात मोजले. मग भिंग लावून बघितले, आणि म्हणाली, “काका, हे आधी बोटाला कळतात, मग डोळ्याला. पॉलिश पेपरसारखी खरखर लागते ना, तीच याची खूण.”

“कॅन्सर आहे का?”

“नाही.”

“म्हणजे काही नाही ना?”

“तसंही नाही.”

या दोन उत्तरांच्या मधे जी जागा आहे तिथे मी गेली तीन वर्षं राहतोय.

त्या जागेचं नाव ॲक्टिनिक केराटोसिस. मूळ शब्द ग्रीक, एकाचा अर्थ किरण आणि दुसऱ्याचा शिंग, म्हणजे किरणांनी आलेलं शिंग. ऐकायला पौराणिक वाटतं, पण काही लोकांत ते खरंच जाड होत होत छोट्या शिंगासारखं बाहेर येतं. मराठीत याला कर्करोगपूर्व वाढ म्हणतात, आणि माझं भांडण या ‘पूर्व’शी आहे. पूर्वार्ध म्हटलं की उत्तरार्ध आलाच. पूर्वतयारी म्हटलं की पुढे कार्यक्रम ठरलेलाच. पूर्व शब्द लावला की कान आपोआप पुढच्या गोष्टीची वाट बघायला लागतात. खरी परिस्थिती तशी नाहीच, पण ते आकडे कळेपर्यंत मी पंधरा दिवस नीट झोपलो नव्हतो. (सूर्य उगवतो तीही पूर्वच, हा विनोद मी घरी केला, कोणी हसलं नाही.)

नेमकं बिघडतं काय, ते डॉक्टरने कागदावर चित्र काढून सांगितलं, मग मी घरी येऊन वाचत गेलो. उन्हातले अतिनील किरण, त्यातही यूव्हीबी नावाचा प्रकार, त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएवर पडतात. डीएनएच्या शिडीवर थायमिन नावाची अक्षरं शेजारीशेजारी आली की किरण त्या दोघांना वेल्डिंग केल्यासारखं चिकटवून टाकतात. पेशीकडे याची दुरुस्ती करणारी यंत्रणा असते आणि ती रोज, आपल्या नकळत, असे कितीतरी जोड सोडवत असते. काही राहून जातात. त्यातून पी-५३ नावाच्या जनुकातच चूक झाली की गडबड, कारण बिघडलेल्या पेशीला ‘थांब, आधी दुरुस्ती कर, नाहीतर मर’ असं सांगणारा मुकादमच तो. मुकादम गैरहजर म्हटल्यावर साइटवर काय होतं ते मला कोणी शिकवायला नको. त्या पेशी वाढत राहतात, शेजारच्या चांगल्या पेशी उन्हाने मरून जागा मोकळी करतात ती जागाही त्याच बळकावतात, आणि वर अर्धवट तयार झालेल्या, नीट न गळणाऱ्या पापुद्र्याचा थर साठतो. बोटाला लागतो तो हा थर.

म्हणूनच एक काढून भागत नाही. डाग दिसो न दिसो, आजूबाजूची सगळी जमीनच नादुरुस्त झालेली असते. डॉक्टर लोक त्याला फील्ड म्हणतात. कल्पना जुनी आहे, 1953 मध्ये स्लॉटर नावाच्या सर्जनने तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करताना मांडलेली, की गाठ एका जागी दिसली तरी भोवतालचं अस्तर आधीच बदललेलं असतं. आणि उन्हाचा संबंध तर त्याहून जुना. 19व्या शतकाच्या शेवटी हॅम्बुर्गचा त्वचेचा डॉक्टर उन्ना खलाशांच्या त्वचेबद्दल लिहीत होता आणि बोर्दोचा त्याच्यासारखाच डॉक्टर द्युब्रय द्राक्षमळ्यात राबणाऱ्यांच्या. खलाशी, मळेकरी, सव्वाशे वर्षांनी रस्त्यावरचा सुपरवायझर. आमची जात एकच, उन्हात उभं राहण्याचे पैसे मिळणाऱ्यांची.

आता आकडे, कारण मला झोप त्यांनीच परत दिली. अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर एक मोठा अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे साडेसात हजारांच्या वर डाग एकेक करून नकाशावर मांडल्यासारखे नोंदवले आणि त्यांचा माग ठेवला. एका वर्षात त्यातले 0.6 टक्के डाग कॅन्सरकडे, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमाकडे गेले. चार वर्षांत अडीच टक्क्यांच्या जरा वर. आणि निम्म्याहून जास्त, 55 टक्के, वर्षभराने सापडलेच नाहीत! आपोआप गेले. काही नंतर परत आले म्हणा, पण गेले होते.

मी हे वाचून बायकोला म्हटलं, बघ, हजारात सहा. ती हिशेबात माझ्याहून पक्की. म्हणाली, “तुमचे किती आहेत? सात ना. आणि दर वर्षी नवीन येणार म्हणतायत. मग सात गुणिले किती वर्षं ते पण धरा.” बरोबर होतं तिचं. त्याच अभ्यासात हेही होतं की जे कार्सिनोमा झाले त्यातले साधारण दोन तृतीयांश अशा आधीच नोंदवलेल्या डागांतूनच उगवले होते. म्हणजे एकेक डाग घेतला तर तो बहुतेक निरुपद्रवी, पण कॅन्सर येतो तेव्हा बहुतेक वेळा याच गर्दीतून येतो, आणि गर्दीतला नेमका कुठला ते कोणालाच, डॉक्टरलाही, आधी ओळखता येत नाही. सगळ्यांवर उपचार करतात ते म्हणून. ज्यांची किडनी वगैरे बदललेली आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत त्यांच्यात तर हे प्रकरण कितीतरी वेगाने पुढे जातं, त्यांनी माझ्यासारखा दीड वर्षाचा खेळ अजिबात खेळू नये.

माझ्या सातपैकी सहा तिने त्याच दिवशी गोठवले. लिक्विड नायट्रोजन, उणे 196 अंश. ऐकून मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. थर्मासएवढी एक बाटली, तिला बारीक नळी, आणि फुस्स करून धुरासारखी वाफ. ती तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होती, सहा, सात, आठ. आधी नुसतं गार, मग एकदम सुई टोचल्यासारखं, मग जळल्यासारखं. गारठ्याने जळतं हे लहानपणी विज्ञानात वाचलेलं, अंगावर पहिल्यांदाच आलं. आरशात बघितलं तर डागाच्या जागी पांढराशुभ्र गोल, दव गोठल्यासारखा, आणि बघता बघता तो वितळून लाल झाला. संध्याकाळी एका ठिकाणी पाण्याचा फोड आला, आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या. दोन ठिकाणी फिकट पांढरे ठिपके राहिलेत, ते तसेच राहतील म्हणाली. टकलावर रांगोळी, चालायचंच.

सातवा, कानाच्या वरच्या कडेचा, तिने गोठवला नाही. तो जाड होता, बुडाशी कडक लागत होता आणि दाबला की दुखायचा. “हा आधी तपासायला पाठवू या.” दुखणं, झपाट्याने वाढणं, रक्त येणं, जखम होऊन न भरणं, बुडाशी कडकपणा, या गोष्टी दिसल्या की अंदाजावर उपचार करत नाहीत, तुकडा काढून बघतात. सुई देऊन जागा बधिर केली आणि डाळीएवढा तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठवडा. तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही, ज्यांनी असा लिफाफा उघडलाय त्यांना माहिती आहे.

रिपोर्ट चांगला आला. जाड झालेला केराटोसिसच, आत घुसलेला नाही. तिने कॉम्प्युटरवर स्लाइडचा फोटो दाखवला आणि ती दोन मिनिटं मी विसरूच शकत नाही. वरच्या थरात एकाआड एक गुलाबी आणि निळसर पट्टे, पट्ट्यापट्ट्यांच्या झेंड्यासारखे. गुलाबी म्हणजे बिघडलेला भाग. निळसर म्हणजे जिथून केस किंवा घामाची नळी बाहेर येते ती जागा, तिथल्या पेशी खोलवरून वर येतात म्हणून ऊन त्यांच्यापर्यंत तितकं पोचलेलं नसतं आणि त्या शहाण्यासारख्या वागत असतात. एवढ्याशा तुकड्यात, केसागणिक, कोण सावलीत होतं आणि कोण उन्हात ते रंगवून ठेवलेलं. गंमत म्हणजे केस कधीच गेले होते. मुळं मात्र अजून आपापली कामं करत होती बिचारी.

मग क्रीम. फ्लुरोयुरॅसिल, पाच टक्के, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या पुढच्या टकलाला, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या दोन्हींसाठी. हे औषध मुळात कॅन्सरवरच्या इंजेक्शनचं. 1957 मध्ये हायडेलबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते बनवलं, आणि पुढे काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं की आतल्या कॅन्सरसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांचे चेहऱ्यावरचे उन्हाचे डाग आपोआप लाल होऊन गळून पडतायत. मग कोणीतरी म्हटलं, थेट वरूनच लावू या की. काम कसं करतं तर पेशीला नवीन डीएनए बनवायला थायमिन लागतं आणि हे औषध त्याचाच पुरवठा तोडतं, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशी आधी उपाशी मरतात. उन्हाने वेल्डिंग केलं तेही थायमिनचं आणि औषधाने रेशन बंद केलं तेही थायमिनचंच, हे मला फारच आवडलं, पण ज्याला त्याला सांगत सुटल्यावर लोक विषय बदलतात असा अनुभव आहे.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. मला वाटलं ट्यूब खोटी. पाचव्या दिवशी लाली आली, ती नुसती पसरलेली नाही, ठिकठिकाणी, बेटांसारखी. दहाव्या दिवशी टक्कल म्हणजे चटके दिलेलं भरीत. चुरचुर, आग, वरून खपल्या, उशीला डाग. आणि महत्त्वाचं म्हणजे ही बेटं जिथे मला कधीच काही लागलं नव्हतं तिथे होती, डाव्या भुवईच्या वर, भांगाच्या जुन्या रेषेवर, मी मोजायला गेलो आणि एकविसावर सोडून दिलं. तिचे बोटाने मोजलेले सात होते. बाकीचे आतल्या आत, हजेरी न लावता बसलेले, औषधाने एकेकाला उभं केलं. आग होत होती तरी मी तासन्‌तास आरशात बघत बसायचो. कुठल्या उन्हाळ्यात कुठे उभा होतो त्याची आठवण काढत.

तिसऱ्या आठवड्यात मी फोन करून म्हटलं की बंद करतो, हे औषध मला सोसत नाही. ती म्हणाली, “काका, हीच तर त्याची कामाची पद्धत आहे, फोटो पाठवा.” फोटो बघून म्हणाली अजून पाच दिवस. बरेच लोक नेमके इथेच सोडतात म्हणे, औषधाने बिघडलं असं समजून, आणि त्यांना आधी नीट सांगितलेलं नसेल तर त्यात त्यांची चूक काय. बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत खाली गुलाबी, लहान मुलासारखी त्वचा निघाली. बोट फिरवलं तर गुळगुळीत. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, घरात कुत्रा-मांजर असेल तर ही ट्यूब आणि ते लावलेलं डोकं त्यांच्यापासून लांब, चाटण्यात थोडंसं गेलं तरी त्यांच्या जिवावर बेततं.

दुसरे उपाय नाहीत असं नाही. इमिक्विमॉड आहे, ते आपल्याच प्रतिकारशक्तीला त्या पेशींवर सोडतं. डायक्लोफेनॅकचं जेल आहे, सौम्य, पण दोन-तीन महिने चिकाटीने लावावं लागतं. टिरबानिब्युलिन नावाचं नवं मलम फक्त पाच दिवसांचं असतं. इंजेनॉल नावाचं एक फार गाजलेलं, तीन दिवसांत काम करणारं जेल होतं, ते 2020 मध्ये युरोपात बाजारातून काढून टाकावं लागलं कारण लावलेल्या जागीच त्वचेचे कॅन्सर जास्त दिसायला लागले होते. त्यामुळे झटपटवर माझा आता विश्वास कमी. नेदरलँड्समध्ये सहाशेवर लोकांवर चार उपचारांची सरळ तुलना केली होती, 2019 ची गोष्ट, त्यात वर्षभरानंतर हे जुनंच, आग करणारं फ्लुरोयुरॅसिल सगळ्यांत सरस ठरलं. आणि एक प्रकाशाचा उपचार असतो, त्यात औषध लावून त्यावर लाल प्रकाश टाकतात. त्याचाच एक प्रकार असा की औषध आणि सनस्क्रीन लावून पेशंटला दोन तास चक्क उन्हात बसवतात. दोन तास! तीस वर्षं बसलोच होतो की.

सनस्क्रीनचं म्हणाल तर मी आधी चेष्टा करायचो. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नँबूर गावात 1992 पासून साडेचार वर्षं सोळाशेवर लोकांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना रोज न चुकता लावायला सांगितलं, अर्ध्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोजवाल्यांत स्क्वेमस कॅन्सर साधारण 40 टक्क्यांनी कमी आणि हे खरखरीत डागही कमी. ते सगळे मोठी माणसं होती, ऊन आधीच खाऊन बसलेली. म्हणजे माझ्यासारख्याला ‘आता काय उपयोग’ म्हणायची सोय राहिली नाही. फक्त चोपडावं लागतं भरपूर. आपण लावतो ते बोटभर घेऊन गालाला पुसल्यासारखं, तेवढ्यात डब्यावरचा आकडा पुरता पदरात पडत नाही. शिवाय कान. टोपी घातली की कान बाहेरच, मान बाहेरच, आणि खालचा ओठ तर कोणाच्या ध्यानीमनीच नसतो, तिथेही हेच होतं आणि तिथलं जास्त वाईट असतं. गाडीच्या बाजूच्या काचेत यूव्हीबी अडतो पण यूव्हीए, म्हणजे अतिनीलचाच दुसरा प्रकार, आत येतो, ढगांतूनही बराचसा येतो. मी आता रुंद काठाची टोपी घालतो. साइटवर मला शेतकरीबुवा म्हणतात.

दर सहा महिन्यांनी जातो. ती डोळे दुसरीकडे करून बोट फिरवते. गेल्या खेपेला उजव्या कानामागे एक नवा सापडला, मी लगेच शर्टाची कॉलर सैल केली, म्हटलं गोठवा. तर म्हणाली, “नको, बारीक आहे, कदाचित जाईलही. शेजारी पट्टी धरून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी बघू.” मला ते अजिबात रुचलं नाही. माहीत असलेली गोष्ट डोक्यावर तशीच घेऊन फिरायचं? तेव्हापासून रोज आंघोळीनंतर बोट तिथेच. आहे. आहे. आजही आहे.

परवा मात्र लागेना. बोट पुढेमागे केलं, कान दुमडून बघितलं, दुसऱ्या हाताने बघितलं. मोबाइलमधला जुना फोटो उघडून आरशासमोर धरला, जागा तीच होती. शेवटी बायकोला हाक मारली, जरा तुझं बोट फिरवून बघ म्हटलं. तिने फिरवलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाली, “नाहीये हो काही. गेला असेल. एवढं काय हरवल्यासारखं शोधताय?”